ढेकणांसाठी घातलेली खोळ आणि आपली झोप

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं ढेकणांबद्दलची आहेत, आणि चौघांनीही खाली एकच ओळ लिहिली आहे: ‘कृपया नाव छापू नये.’ नावं छापत नाही. पण ढेकूण झाले म्हणजे घरातली बाई आळशी, ही समजूत अगदी चुकीची आहे. ढेकणाला घाण लागत नाही, खरकटं लागत नाही. त्याला लागतं झोपलेल्या माणसाचं रक्त आणि दिवसा लपायला एखादी फट. लख्ख पुसलेल्या घरातही या दोन्ही गोष्टी असतातच. मी ३१ वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यात कीटक हा माझा आवडीचा विषय. आणि माझ्या स्वतःच्या घरातही ढेकूण झाले होते. त्यामुळे खाली लिहिलेलं काही अभ्यासातलं आहे आणि काही भोगलेलं.

पुण्याचं पत्र सगळ्यांत उशिरा आलं, तरी ते आधी घेते. त्या मुलाने मोबाइल नंबर दिला होता, म्हणून त्याला उत्तर त्याच दिवशी कळवलं. बाकीच्यांनी ते इथे वाचावं.

प्रश्न : ताई, मी पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. खोलीत आम्ही चौघं. रात्रभर ढेकूण चावतात, सकाळी अभ्यासिकेत डोळे मिटतात. गाद्या मालकांच्या आहेत, ते बदलून देत नाहीत. रूममेटने गावाहून धान्यात टाकायच्या गोळ्या आणल्या आहेत. गादीखाली चार गोळ्या ठेवायच्या, दिवसभर खोली बंद ठेवायची आणि रात्री दार उघडून झोपायचं, असं तो म्हणतो. चालेल का?

उत्तर : नाही. एकही गोळी नाही, एक तासभरसुद्धा नाही. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. तो गादीत साठतो, दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी घरात ठेवलेल्या अशा गोळ्यांनी आपल्या देशात झोपेतच माणसं दगावली आहेत. डबी उघडली असेल तर खिडक्या-दारं उघडा आणि सगळे बाहेर व्हा. मळमळ, छातीत दडपण, दम लागणं, यातलं काहीही वाटलं तर तडक रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना गोळ्यांचं नाव सांगा. डबी बंद असेल तर ती कोरडी ठेवून जिथून आणली त्या कृषी सेवा केंद्रात परत द्या. मोरीत किंवा संडासात टाकू नका, पाण्याशी गाठ पडली की वायू आणखी जोरात सुटतो.

‘नुवान’ या नावाने लोक जे औषध शोधत फिरतात, ते डायक्लोरव्हॉस. त्याच्यावर आपल्याकडे २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. कोणी कोपऱ्यातल्या दुकानातून काढून दिलं तरी घेऊ नकोस.

तुझी कॉट लोखंडी आहे, ही मोठी सोय. रविवारी ती गच्चीवर न्या आणि प्रत्येक सांध्यावर, स्क्रूच्या प्रत्येक भोकावर उकळतं पाणी हळूहळू ओता. पाइपांची उघडी तोंडं एम-सीलने बंद करा. गादीसाठी चेनची खोळ तू स्वतःच्या पैशाने घे. ती कशी घ्यायची हे पुढच्या उत्तरात आहे, ते तुझ्यासाठीच लिहिलंय असं समजून वाच. कपड्यांची बॅग कॉटखाली ठेवू नकोस, खिळ्याला टांग. आणि चौघांनी एकाच दिवशी हे केलंत तरच उपयोग. तिघांनी केलं आणि चौथा गावाला गेला, तर त्याच्या कॉटवरून सगळं पुन्हा सुरू होईल.

प्रश्न : आदरणीय ताई, आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी, माझे मिस्टर, दहावीतली मुलगी आणि ७८ वर्षांचे सासरे. दिवाळीत गावाहून रात्रीच्या बसने आलो आणि त्यानंतर मुलीच्या गादीत ढेकूण दिसू लागले. आता मामंजींच्या पलंगातही आहेत. तीन वेळा फवारणी करून घेतली. शेवटच्या वेळी तो माणूस म्हणाला, गाद्या फेकून द्या. दोन फोमच्या गाद्या, दोन वर्षांपूर्वीच घेतलेल्या, कशा फेकू? दुकानदाराने वॉटरप्रूफ कव्हर दिलं. ते घातलं तर कूस बदलली की करकर वाजतं आणि पाठ घामाने ओली होते. मुलगी वैतागून बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपते. मामंजींना रात्री कधी कधी कळत नाही, त्यामुळे त्यांची गादी ओली होते. खोळीने खरंच ढेकूण जातात का? आणि जात असतील तर त्यावर झोपायचं कसं?

उत्तर : आधी मुलीचं. तिला आजच परत तिच्या पलंगावर झोपवा. ढेकूण आपल्या श्वासातल्या कार्बन डायॉक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतो. ती बाहेर झोपायला लागली की पलंगातले ढेकूण तिच्यामागे बाहेरच्या खोलीत येतील आणि मग सोफा, टीव्हीचं कपाट, पडदे सगळीकडे शोधत बसावं लागेल. आत्ता ते दोन पलंगांत आहेत, ते तिथेच राहू द्या. पण म्हणूनच पलंग झोपण्यासारखा असायला हवा. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे.

खोळ ढेकूण मारत नाही. ती दोन कामं करते. जे गादीच्या आत आहेत त्यांना आतच कोंडते, आणि जे बाहेर आहेत त्यांच्यापासून गादी काढून घेते. फोमच्या गादीत ढेकूण कुठे बसतात, पाहिलंत का? कडेने जो गोट शिवलेला असतो ना, त्याच्या पोटात, कोपऱ्यातल्या दुमडीत, कंपनीचं लेबल शिवलेलं असतं त्याच्या मागे. बॅटरी घेऊन गोट अंगठ्याने उलटून बघा. शाईच्या पेनचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसतील, ती त्यांची विष्ठा. ओलं फडकं लावलं की ठिपका पसरतो. बाजूला फिकट, पोकळ साली, त्यांनी टाकलेली कात. आणि दाबलंत तर तो उग्र वास, ज्याला माझी आजी ‘कुजक्या कोथिंबिरीचा’ म्हणायची. तिचं नाक अचूक होतं. कोथिंबिरीच्या वासात आणि ढेकणाच्या वासात एकाच जातीची रसायनं असतात, ॲल्डिहाइडं. खोळ गुळगुळीत, पांढरी, गोटाशिवायची असली की लपायला हे काहीच उरत नाही, आणि एखादा आलाच तर पांढऱ्यावर लगेच दिसतो.

आता तुम्हाला दुकानात जे मिळालं ते पाहू. तुम्ही लिहिलंय की ते फिटेड चादरीसारखं वरून बसतं आणि खाली इलॅस्टिक आहे. याला दुकानात ‘मॅट्रेस प्रोटेक्टर’ म्हणतात. ते पाणी सांडण्यासाठी आहे. त्याची खालची बाजू उघडी असते, ढेकूण तिथून सुखाने ये-जा करतात. तुम्हाला हवी आहे सहाही बाजूंनी गादी झाकणारी, चेनने बंद होणारी खोळ. मागताना ‘एन्केसमेंट’ म्हणा किंवा ‘चेनवालं फुल कव्हर’ म्हणा, आणि गादीची जाडी मोजूनच जा. ७२ बाय ३६ एवढं सांगून भागत नाही. ४ इंची गादीला ८ इंची खोळ घेतली तर अंगाखाली घड्या पडतात आणि त्या घड्यांत ढेकणाला पुन्हा घर मिळतं. उलट ६ इंची गादीला ५ इंची खोळ ओढून बसवली तर फोम दाबला जाऊन गादी पाटासारखी कडक लागते, आणि चेन कोपऱ्यात उसवते.

आरामाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझी चूक इथेच झाली होती. २०१६ साली ठाण्याच्या आमच्या घरात ढेकूण झाले. मला शास्त्र सगळं माहीत होतं. चेनची खोळच आणली, पण स्वस्तातली, जाड व्हिनाइलची. सासूबाई तेव्हा ८१ वर्षांच्या. त्यांनी आठ रात्री तक्रार केली नाही. नवव्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाल्या, “अगं, पापडाच्या पिशवीवर निजल्यासारखं होतंय. पाठीला फोड आलेत बघ.” घामोळं होतं, मानेपासून कमरेपर्यंत. मी त्याच सकाळी खोळ काढली. आत कोंडलेले सगळे ढेकूण मोकळे झाले आणि तीन आठवड्यांत त्यांच्या दंडावर पुन्हा गांधी उठल्या. त्यांच्या पाठीवर पावडर लावताना मला कळलं की खोळ निवडताना मी ढेकणाचा विचार केला होता, झोपणाऱ्या माणसाचा केलाच नव्हता. जी खोळ वर्षभर अंगाखाली राहायची आहे, ती सुखाची नसेल तर घरातलं कोणीतरी एक दिवस ती काढणारच.

व्हिनाइल म्हणजे आपलं जुनं मेणकापडच. पाणी जात नाही, तशी घामाची वाफही जात नाही. डोंबिवलीच्या दमट हवेत ते अंगाला चिकटणारच. याऐवजी अशी खोळ घ्या जिचं कापड होजिअरीसारखं विणलेलं आहे, सुती टर्किश किंवा पॉलिस्टरचं, आणि त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा अगदी पातळ पापुद्रा चिकटवलेला आहे. लेबलवर ‘टीपीयू’ किंवा ‘पीयू’ असं लिहिलेलं असतं. हा पापुद्रा पाण्याचा थेंब अडवतो पण वाफ जाऊ देतो. दुकानदार सगळ्यालाच ‘ब्रीदेबल’ म्हणतो, म्हणून मी दुसऱ्या खोळीच्या वेळी ओट्यावर एक प्रयोग केला. स्टीलच्या पेल्यात कढत पाणी घेतलं, त्यावर खोळीचं कापड ताणून धरलं आणि वर फ्रिजमधला थंड काचेचा ग्लास उपडा ठेवला. तीन-चार मिनिटांत ग्लासात आतून धुकं धरलं. व्हिनाइलच्या तुकड्यावर तोच ग्लास कोरडा ठणठणीत राहिला. वर्गात एवढे प्रयोग दाखवले, पण त्या ग्लासाइतका आनंद मला क्वचित झाला असेल. दुकानात हे शक्य नसेल तर कापड कानाशी नेऊन मुठीत चुरगाळा. करकरलं तर नको. दोन्ही हातांनी ताणून बघा, थोडं ताणलं जायला हवं, म्हणजे फोम जसा दबतो तसं ते दबेल.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे चेन. अंड्यातून निघालेलं ढेकणाचं पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं आणि जवळजवळ पारदर्शक. चेनचे दाते बारीक हवेत, आणि चेन जिथे संपते तिथे पट्टी किंवा छोटा खिसा हवा. ते तपासायची माझी रीत अशी: मोबाइलची बॅटरी लावून खोळीत ठेवते, चेन बंद करते आणि खोलीतला दिवा घालवते. शिवणीतून किंवा चेनच्या टोकातून प्रकाशाचा ठिपका दिसला तर खोळ परत. गादीवर चढवून झाली की चेनचा लोलक सुईदोऱ्याने टाका घालून तिथेच शिवून टाका. घरातलं कोणीही सहज उघडणार नाही.

चढवायच्या आधी गादी दोन उन्हं दाखवून कोरडी करा, आतला दमटपणा आतच राहिला तर बुरशीचा वास येतो. गोटावरून व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, पिशवी तिथेच बांधून बाहेर कचऱ्यात टाका. खोळ दोघांनी मिळून घाला, फरपटत ओढली तर पापुद्रा फाटतो. पलंगाला खिळा, पत्रा, टोक काही असेल तर तिथे आधी चिंधी गुंडाळा. उशांनाही तशाच छोट्या चेनच्या खोळी घालून वर नेहमीचे अभ्रे घाला. उशा लोक हमखास विसरतात.

आता वरचे थर. खोळ एकदा बंद केली की ती वर्षभर काढायची नाही, धुण्यासाठीसुद्धा नाही. म्हणून तिच्यावर पातळ सुती गोधडी घाला, जुन्या नऊवारीची असेल तर फारच छान, आणि त्यावर चादर. घाम गोधडी टिपते, खोळीचा स्पर्श अंगाला होतच नाही. गोधडीच्या धावदोऱ्यात ढेकूण बसू शकतो, म्हणून ती आणि चादर आठवड्याला कढत पाण्यात धुवायची. मशीनला ६० अंशांचा प्रोग्रॅम असेल तर तो लावा, त्या पाण्यात अंड्यांसकट सगळे मरतात. नसेल तर मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात तासभर बुडवून ठेवा. खोळीवरून चादर सरकते अशी बऱ्याच जणींची तक्रार असते. चारही कोपऱ्यांना नाड्या शिवून गादीखाली आडव्या बांधा, प्रश्न मिटतो.

मामंजींसाठी तुम्ही आणलेलं ते इलॅस्टिकवालं कव्हर फेकू नका. पण ते करकरणारं आहे, तेव्हा पूर्ण गादीला न घालता त्यातून कमरेखाली येईल एवढा चौकोन कापून घ्या. चेनच्या खोळीवर तो चौकोन, त्यावर दुहेरी सुती दुपटं, मग चादर. रात्री ओलं झालं तर दुपटं आणि चादर बदलायची, खोळीला हात लावायचा नाही. वरून ओल्या फडक्याने पुसली की झालं. गादी ओली होण्याचा तुमचा त्रासही याने जाईल. मामंजींना ढेकूण चावल्याचं जाणवत नाही, असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. म्हातारपणी पुष्कळांच्या कातडीवर गांधी उठत नाहीत. त्यामुळे त्यांना विचारून पत्ता लागणार नाही, त्यांची चादर रोज सकाळी तुम्हीच बघा.

पलंग भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा. चादरीचा पदर जमिनीला टेकू देऊ नका. पलंगाच्या पायांखाली वाट्या ठेवायची जुनी पद्धत चांगलीच आहे, पण एक बारकावा सांगते. परदेशी सल्ल्यांत वाटी गुळगुळीत असली की पुरे, असं म्हणतात. ते तिकडच्या ढेकणाबद्दल खरं आहे. आपल्याकडे प्रामुख्याने उष्ण प्रदेशातली दुसरी जात आहे, सायमेक्स हेमिप्टेरस. तिच्या पायांना चिकटून चढायला जास्त केसांची गादी असते आणि ती गुळगुळीत प्लॅस्टिकवरही चढते. मलेशियातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलंय. म्हणून वाटीत साबणाचं पाणी घाला किंवा आतून टाल्कम पावडर फासा, आणि पावडर ओली झाली की बदला. तुमच्या मुलीचा पलंग पेटीचा आहे, त्याला पाय नाहीत. तिथे सुताराला बोलवून प्लायच्या कडा, बिजागऱ्या आणि सांधे लांबी (पुट्टी) भरून बंद करून घ्या. पेटीत ठेवलेलं पांघरुणांचं बोचकं आधी उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर आतच पेव राहील.

तीन फवारण्या वाया का गेल्या, हेही सांगते. ढेकणाच्या अंड्यावर बहुतेक औषधांचा परिणाम होत नाही, आणि अंडं ६ ते १० दिवसांत फुटतं. म्हणून दुसरी फवारणी दोन आठवड्यांच्या आत हवी. तुमच्या तीन फवारण्यांमध्ये महिना-महिना गेलाय. शिवाय ढेकूण औषधाला लवकर सरावतात. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४७ सालीच हवाई बेटांवर सापडले होते, आणि आज घरोघरी मारल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड औषधांचीही तीच गत आहे. पुन्हा फवारणी कराल तेव्हा औषधाचं नाव लिहून घ्या, मागचंच असेल तर दुसऱ्या गटातलं मागा, आणि ती पलंगाच्या सांध्यांवर व भिंतीच्या फटींत करा. अंगाखालच्या कापडावर नको. औषध लावलेल्या खोळीही विकतात, त्या मी सुचवत नाही.

खोळ घातली त्या दिवसाची तारीख तिच्या पायथ्याकडच्या कडेवर मार्करने लिहा. उपाशी ढेकूण आपल्या उष्ण हवेत काही महिन्यांत मरतो, थंडीत त्याहून बराच टिकतो. म्हणून पूर्ण वर्ष मोजायचं. आमच्या सासूबाईंच्या खोळीवर ११ फेब्रुवारी २०१७ अशी तारीख होती. चौदा महिन्यांनी मी ती गच्चीत नेऊन उघडली. गोटात वाळलेल्या साली आणि फुंकर मारली की उडणारे मेलेले ढेकूण, एवढंच होतं. त्या चौदा महिन्यांत त्यांनी एकदाही झोपेची तक्रार केली नाही. फाटली तर कापडी चिकटपट्टीने त्याच दिवशी सांधा. गादी फेकू नका.

प्रश्न : आम्ही नागपूरकर. कापसाच्या गाद्या, रोज सकाळी वळकटी करून ठेवतो. मे महिन्यात गच्चीवर पाय ठेववत नाही. गाद्या दोन दिवस गच्चीवर टाकल्या तर ढेकूण मरणार नाहीत का? की त्यालाही खोळच हवी?

उत्तर : नागपूरचं ऊन मला माहीत आहे, माझं माहेरचं आजोळ तिकडचं. तरी गादीच्या बाबतीत त्या उन्हावर विसंबू नका. साधारण ५० अंशांच्या उष्णतेत ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, आणि तुमच्या गच्चीची फरशी त्याच्या वर जाते हेही खरं. पण कापूस उष्णता आत जाऊच देत नाही. वरचं कापड तापलं की ढेकूण खालच्या बाजूला उतरतात. ऑस्ट्रेलियात काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गाद्या उन्हात ठेवण्याचा प्रयोग झालाय, तिथेही वरून भाजल्यासारखी तापलेली गादी खालून थंडच राहिली. चपला, पुस्तकं, लहान बॅग, मुलांची कापडी खेळणी यांना काळ्या पिशवीत घालून तुमचं ऊन दाखवा, त्यांच्यासाठी ते उत्तम आहे.

तुमच्या गाद्यांना पापुद्र्याची खोळ घालू नका. रोज वळकटी केली तर पापुद्रा तडकू शकतो. तुमच्याकडे याहून चांगला उपाय आहे, जो फोमच्या गादीवाल्यांकडे नाही. गादी उसवा. पिंजाऱ्याला बोलवा, कापूस पिंजून घ्या. जुनी खोळ उकळत्या पाण्यात घाला, किंवा सरळ टाकून नवीन घट्ट विणीच्या कापडाची शिवा. ढेकूण कापसाच्या पोटात फारसे राहत नाहीत, ते शिवणीला आणि टाक्यांच्या खळग्यांना धरून असतात. पिंजलेला कापूस नव्या खोळीत भरला की गादी मऊही होते. त्यावर मांजरपाटाची चेन लावलेली दुसरी खोळ शिवून घ्या. ती मात्र दर पंधरा दिवसांनी काढून उकळायची. आणि वळकटी ज्या कोपऱ्यात उभी राहते, तिथली भिंत आणि मागचं कॅलेंडर बघा. दिवसभर गादी तिथे असते, तर ढेकूणही तिथेच असतील.

प्रश्न : शेजाऱ्यांना सांगावं का? सोसायटीत चर्चा होईल म्हणून मिस्टर नको म्हणतात.

उत्तर : सांगा. ढेकणाला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही, पण नळाच्या आणि वायरिंगच्या पाइपाबरोबर तो भिंतीपलीकडे चालत जातो. तुमच्याकडे आहेत तर लगतच्या घरांत असू शकतील, किंवा तिकडूनच आले असतील. तुम्ही महाग खोळ घालाल, पलंग उकळून काढाल, आणि महिन्याने भिंतीतून चार नवे येतील.

गिरगावातल्या आमच्या चाळीत हे कोणी लपवत नव्हतं. वैशाखातला एक रविवार ठरायचा, आणि मजल्यावरच्या बाराही बिऱ्हाडांच्या लोखंडी खाटा सकाळीच गॅलरीत यायच्या. आई पितळी किटली दोन्ही हातांत धरून सांध्यावर बारीक धार सोडायची, पाणी इतकं उकळतं की वाफेने तिचा चश्मा पांढरा व्हायचा. मी मागून कोंबडीचं पीस रॉकेलमध्ये बुडवून तिच्या हातात द्यायची. (रॉकेल आता कोणी वापरू नका, आग लागेल.) एका बिऱ्हाडाचं पाणी संपलं की शेजारच्या स्टोव्हवरून पातेलं यायचं. जिची खाट राहून जाई, तिला सगळ्या मिळून हाक मारायच्या: “अहो वहिनी, तुमची आणा आधी, नाहीतर आमचं फुकट जाईल!”

मिस्टरांना हेच सांगा, आणि सोसायटीच्या फळ्यावर एका रविवारची तारीख लिहा.